'तसे चांगले आहेत' : एआय सोबतीला घेऊन एका फंडाची चौकशी केली त्याची गोष्ट

मी सीए. मूळ सांगलीकडचा, गेली ९ वर्षं पुण्यात एका कुटुंबाच्या फॅमिली ऑफिसात आहे. फॅमिली ऑफिस म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर काचेच्या केबिन येतात, आमचं म्हणजे प्रभात रोडला एका जुन्या बंगल्याचा तळमजला, तीन टेबलं आणि पावसाळ्यात कागद न ओढणारा प्रिंटर. कुटुंबाने भोसरीतला कारखाना विकला, पैसे आले, ते नीट ठेवायचे एवढंच आमचं काम. वर थोरले साहेब आणि धाकटे साहेब, खाली मी आणि माझी ज्युनिअर.

तर झालं असं की धाकट्या साहेबांना ओळखीतून एका प्रायव्हेट इक्विटी फंडाचं, म्हणजे खाजगी कंपन्यांत पैसे घालणाऱ्या फंडाचं, बोलावणं आलं. कॅटेगरी टू एआयएफ, त्याच टीमचा दुसरा फंड, ५ कोटी टाकायचा विचार. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, एआयएफ म्हणजे सेबीच्या २०१२ च्या नियमांखाली चालणारे खाजगी फंड, यात एकेकाचे कमीत कमी १ कोटी लागतात आणि एका स्कीममध्ये १००० च्या वर गुंतवणूकदार घेता येत नाहीत. म्युच्युअल फंडासारखं उद्या नको वाटलं तर काढून घेऊ असं इथे नसतं, कॅटेगरी टू क्लोज एंडेडच असतो, एकदा सही केली की ७-८ वर्षं पैसे अडकले. म्हणून आधी ड्यू डिलिजन्स, म्हणजे आपल्या भाषेत स्थळाची चौकशी.

आधी आम्ही हे कसं करायचो तर प्रिंटआउट काढायचे, पिवळा हायलायटर, एक्सेलमध्ये प्रश्नांची यादी, आणि तीन शनिवार-रविवार घरच्यांच्या शिव्या. यावेळी डेटा रूम, म्हणजे फंडाने चौकशीसाठी ऑनलाइन ठेवलेलं कागदांचं कपाट, उघडली तर १४० फाइली. एकट्या पीपीएमची, म्हणजे प्लेसमेंट मेमोरँडम या फंडाच्या माहितीपत्रकाची, २१२ पानं. काँट्रिब्युशन अ‍ॅग्रीमेंट, म्हणजे आपण सही करायचा तो करार, ९६ पानं, पहिल्या फंडाचे ७ वर्षांचे ताळेबंद, व्हॅल्युएशन रिपोर्ट, तिमाही पत्रं, आणि त्यातले निम्मे स्कॅन केलेले, तेसुद्धा वाकडे. धाकटे साहेब म्हणाले, "अहो ते एआय आहे ना आता, दोन दिवसांत होऊन जाईल." मी मान हलवली. दोन दिवस वगैरे काही झालं नाही हे आत्ताच सांगून टाकतो.

पहिली गडबड पहिल्याच तासाला. ज्युनिअर पोरगी हुशार, तिने फाइली डाउनलोड केल्या आणि स्वतःच्या मोबाइलवरच्या फुकटच्या अकाउंटमध्ये पीपीएम टाकायला निघाली. मी ओरडलोच, अगं थांब. डेटा रूममध्ये शिरताना आपण एनडीएवर, म्हणजे गुप्ततेच्या करारावर, सही केलेली असते, त्यात लिहिलेलं असतं की ही माहिती आम्ही, आमचे सल्लागार आणि कर्मचारी सोडून कुणाला दाखवणार नाही. मग एआयचं टूल हे कर्मचारी, सल्लागार की तिऱ्हाईत? एनडीए पूर्ण वाचला, उत्तर नाही, कारण तो ज्याने लिहिला त्याच्या डोक्यात हा प्रश्नच नव्हता. शेवटी फंडाच्या कंप्लायन्सला सरळ मेल टाकला की आम्ही असं टूल वापरणार आहोत, त्याचा ऑफिसांसाठीचा प्लॅन घेतलेला आहे, आमचा डेटा ट्रेनिंगला वापरला जाणार नाही असं करारात आहे, काम झालं की डिलीट करू, चालेल का. चार दिवसांनी उत्तर आलं, चालेल, पण पोर्टफोलिओ कंपन्यांचे, म्हणजे फंडाने पैसे घातलेल्या कंपन्यांचे, बोर्ड पेपर टाकू नका आणि केवायसीचे कागद टाकू नका. ठीक. केवायसी तसंही टाकणार नव्हतो, लोकांचे पॅन-आधार कशाला फिरवायचे. आमचे ते चार दिवस वाया गेले असं धाकट्या साहेबांना वाटलं, मला नाही वाटलं.

मग एकदाचं सुरू केलं. आणि सगळे करतात तेच मी पण केलं, सगळ्या फाइली टाकल्या आणि विचारलं, हा फंड कसा आहे? दोन मिनिटांत दीड पानी उत्तर, काय सुंदर भाषा, अनुभवी टीम, शिस्तबद्ध गुंतवणूक प्रक्रिया, गुंतवणूकदारांशी हितसंबंध जुळलेले वगैरे. वाचून मलाच वाटलं की चला सही करू. मग लक्षात आलं की अरे हे तर पीपीएममधलंच आहे, फंडाने स्वतःबद्दल जे लिहिलं तेच घोळवून दिलंय. वरमाईला जाऊन विचारायचं मुलगा कसा आहे हो, तसलाच हा प्रकार. त्यात टूलची चूक म्हणता येत नाही, प्रश्नच बावळट होता.

दुसऱ्या दिवशी पद्धत बदलली. मत विचारायचं नाही, फक्त "कुठे लिहिलंय" ते विचारायचं. प्रत्येक उत्तरासोबत फाइलचं नाव, पान नंबर आणि मूळ वाक्य जसंच्या तसं, आणि सापडलं नाही तर "सापडलं नाही" असंच लिही, अंदाज लिहू नको. एवढ्या सूचना लिहायला अर्धा तास गेला पण तिथून पुढे खरं काम सुरू झालं. सेबीने २०२० पासून पीपीएमचा साचा ठरवून दिलाय, भाग अ मध्ये सक्तीची माहिती आणि भाग ब मध्ये पुरवणी, त्यामुळे कुठे काय असायला हवं हे ठरलेलं असतं आणि यंत्राला त्यात शोधणं सोपं जातं. भाग अ मध्ये काय असायला हवं याची मी माझी यादी दिली आणि म्हटलं यातलं काय नाहीये ते सांग. हा प्रश्न मला फार आवडला, पुढेही वापरतो. माणूस २१२ पानं वाचून जे नाहीये ते बघायला विसरतो, कारण जे आहे त्यानेच दमलेला असतो.

आता सगळ्यात कामाची गोष्ट. पीपीएम आणि काँट्रिब्युशन अ‍ॅग्रीमेंट शेजारी शेजारी ठेवून म्हटलं, एकाच विषयावर दोन्हीकडे वेगळं काय लिहिलंय ते काढ. हे काम मी हाताने कधी पूर्ण केलेलंच नाही, खोटं कशाला बोलू, दोन्ही कागद वाचलेत पण ओळीला ओळ लावून नाही. १९ फरक निघाले. त्यातले १४-१५ फालतू, व्याख्येतला शब्द इकडचा तिकडे. पण दोन महत्त्वाचे.

एक फीचा. पहिली चार वर्षं कमिटमेंटवर, म्हणजे टाकू म्हणून कबूल केलेल्या पूर्ण रकमेवर, २ टक्के मॅनेजमेंट फी, त्यानंतर गुंतवलेल्या रकमेवर. आता ५ कोटीवर २ टक्के म्हणजे वर्षाला १० लाख, त्यावर १८ टक्के जीएसटी, ११ लाख ८० हजार, चार वर्षांत ४७ लाखांच्या वर, हे तर द्यायचंच आहे. पण पाचव्या वर्षापासूनचं पीपीएममध्ये लिहिलंय की बुडीत काढलेल्या कंपन्या वजा करून उरलेल्या रकमेवर फी, आणि अ‍ॅग्रीमेंटमध्ये तो "वजा करून" भागच नाही. म्हणजे कंपनी मेली तरी तिच्या नावाने फी चालू. आणि भांडण झालं तर कोर्टात सही केलेला करार पुढे येणार, माहितीपत्रक नाही.

दुसरा की पर्सन क्लॉजचा. ज्या माणसांच्या भरवशावर आपण पैसे देतो त्यातलं कुणी सोडून गेलं तर नवीन गुंतवणूक थांबवायची, अशी ती तरतूद. तीन पार्टनरची नावं. पीपीएममध्ये लिहिलंय तिघांपैकी "कोणीही एक" गेला तर. अ‍ॅग्रीमेंटमध्ये "कोणीही दोन". मी त्याच्यापुढे लाल फुली मारली आणि टायपिंगची चूक असेल म्हणून पुढे गेलो. या फुलीकडे परत येतो.

मधे एक फजिती. साहेबांपुढे ठेवायच्या मेमोत लिहायचं होतं की क्लॉबॅक आहे का, म्हणजे फंड मॅनेजरने सुरुवातीच्या चांगल्या डीलवर नफ्यातला वाटा उचलला आणि नंतरच्या डील बुडाल्या तर जास्तीचा वाटा परत द्यायचा का. टूलने सांगितलं, आहे, क्लॉज १४.६, वर तीन ओळींत नीट समजावूनही दिलं. मी मेमोत चिकटवलं. ज्युनिअर म्हणाली सर एकदा बघते, आणि पान उघडलं तर १४.६ मध्ये टीडीएस. क्लॉबॅक संपूर्ण करारात कुठेच नाही. तीनदा शोधलं. इतक्या करारांत क्लॉबॅक असतो म्हणून यालाही असेल असं त्याने गृहीत धरलं आणि नंबरही देऊन टाकला. आणि गंमत म्हणजे सूचनेत "अंदाज लिहू नको" असं मी लिहिलेलंच होतं! पण त्या दिवशी नवीन चॅट उघडलेलं, आणि सूचना जुन्या चॅटमध्येच राहिलेल्या. माझीच चूक म्हणा. त्या दिवसापासून ऑफिसात नियम झाला, पान स्वतः उघडून बोट ठेवल्याशिवाय मेमोत एक ओळ जाणार नाही. ज्युनिअरने एक्सेलमध्ये कॉलमच केला, "बोट कोणी ठेवलं", आणि समोर तिची नाहीतर माझी सही.

त्या रागात मी एक प्रयोग पण केला. एक उत्तर त्याने बरोबर दिलं होतं, मुद्दाम म्हटलं, चुकलंस, नीट बघ. लगेच माफी, तुमचं बरोबर आहे, आणि बरोबर उत्तर बदलून चुकीचं केलं. म्हणजे आमच्या कारखान्यातल्या जुन्या स्टोअरकीपरसारखं, साहेब म्हणतील ते खरं. त्यामुळे "नक्की का?" असं विचारून काही कळत नाही, त्यापेक्षा वाक्य दाखव म्हणायचं.

आकड्यांकडे येऊ. पिच डेकच्या, म्हणजे फंडाच्या जाहिरातवजा सादरीकरणाच्या, पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात आयआरआर, म्हणजे वर्षाला किती टक्के परतावा पडला तो आकडा, होता, चांगला गलेलठ्ठ. तळाला बारीक अक्षरात, फक्त विकून मोकळ्या झालेल्या गुंतवणुकींवर, फी आणि खर्चाआधी. पहिल्या फंडाच्या ११ कंपन्या, ४ विकल्या, २ बुडीत, ५ अजून हातात. म्हणजे चार पास झालेल्या मुलांची सरासरी काढून शाळेचा निकाल लावलाय. मला पूर्ण फंडाचा हवा होता, तोही गुंतवणूकदाराच्या हातात पडणारा. तारीखवार पैसे आत-बाहेर गेल्याचा तक्ता डेटा रूममध्ये होता पण स्कॅन. टूलकडून तो तक्ता वाचून घेतला, एक्सआयआरआर, म्हणजे तारखा धरून काढलेला आयआरआर, काढायला सांगितला, १९.२ टक्के आलं. नंतर ज्युनिअरने मूळ कागद बघत तक्ता हाताने एक्सेलमध्ये भरला, १७.६ आलं. दोघंही ठाम. दुपारभर डोकं खाजवलं. शेवटी सापडलं काय तर तारखा. ०५/०४/२०१७ म्हणजे आपल्याकडे ५ एप्रिल, त्याने वाचलं ४ मे. १३ तारखेपासून पुढच्या तारखा बरोबर, कारण १३ वा महिना नसतो, आणि त्याच्या अलीकडच्या उलट्या. म्हणजे अर्धा तक्ता भारतात आणि अर्धा अमेरिकेत. आणखी एका तक्त्यात "आकडे लाखांत" हे पहिल्या पानावर होतं आणि तक्ता दुसऱ्या पानावर वाहत गेलेला, तिथे त्याने ते रुपये धरले. हे लगेच दिसलं कारण ८४० रुपयांत कोणी कंपनी घेत नाही, पण तारखांचं दिसलं नसतं. आता आम्ही तारीख नेहमी "५ एप्रिल २०१७" अशी अक्षरी लिहून मागतो आणि हिशेब एक्सेलमध्येच करतो.

बरं, खरं बघायचं ते आयआरआर नाहीच. टाकलेल्या १०० रुपयांतले हातात किती आले ते बघायचं. या फंडात ६४ आलेले आणि कागदावर अजून १२० दाखवलेले. आठवं वर्ष चालू, फंड वाढीव मुदतीत, (दोन तृतीयांश गुंतवणूकदारांनी किमतीच्या हिशेबाने हो म्हटलं तर दोन वर्षांपर्यंत मुदत वाढवता येते), तरी निम्म्याहून जास्त कागदावरच. आणि त्या १२० मध्ये ६० एकाच कंपनीचे. ही माहिती टूलने काढून दिली, छान मांडून दिली. पण ही ६० ची किंमत कुठून आली हे विचारलं तर व्हॅल्युएशन रिपोर्टच्या पानावर बोट, २०२१ मध्ये त्या कंपनीने पैसे उभारले त्या राउंडचा भाव. २०२१ मध्ये स्टार्टअपवाल्यांना पैसे कसे मिळत होते ते आठवा. नोव्हेंबर २०२३ पासून सेबीने एआयएफच्या गुंतवणुकीचं मूल्यांकन ठरलेल्या पद्धतीने आणि स्वतंत्र मूल्यांककाकडून करणं सक्तीचं केलंय, त्याप्रमाणे रिपोर्ट होता, सही-शिक्का सगळं होतं. टूलच्या दृष्टीने विषय संपला.

इथे पाणी मुरतंय असं मला उगाच वाटत होतं. उगाच म्हणजे, तीन वर्षांत एवढ्या कंपनीने नवीन पैसे उचललेच नाहीत हे पटेना. म्हणून एमसीएच्या, म्हणजे केंद्राच्या कंपनी खात्याच्या, पोर्टलवर गेलो. कुठल्याही कंपनीची कागदपत्रं १०० रुपये भरून बघता येतात, फार लोकांना हे माहीत नसतं. साइट तीन वेळा लॉगआउट करते, पेमेंट अडकतं, पण बघता येतात. पीएएस-३ म्हणून फॉर्म असतो, कंपनीने नवीन शेअर वाटले की भरावा लागतो, त्यात किती शेअर आणि काय भावाने ते लिहिलेलं असतं. २०२३ चा पीएएस-३ होता. राइट्स इश्यू, म्हणजे जुन्याच भागधारकांना दिलेले नवे शेअर, भाव २०२१ पेक्षा साधारण ३५ टक्के कमी. व्हॅल्युएशन रिपोर्ट त्याच्या नंतरचा, आणि त्यात या राइट्सचा अर्धा शब्द नाही.

तो फॉर्म टूलला दिला आणि मग म्हटलं आता सांग, तर पाच सेकंदात बरोबर सांगितलं की हा भाव धरला तर ६० चे ३९ होतात आणि १२० चे ९९. म्हणजे त्याला समजत नव्हतं अशातला भाग नाही, त्याच्या ताटात ते वाढलेलंच नव्हतं. आणि ताट कोणी वाढलं? डेटा रूम फंडवाल्यांनी भरलेली. इथेच तर घोडं पेंड खातं.

फंडाला प्रश्नावली पाठवली, ६४ प्रश्न. आधीच्या अनुभवाने दोन आठवडे धरले होते, दोन दिवसांत आली! सगळी उत्तरं एका मापाची, प्रत्येकाची सुरुवात आमचा प्रश्न पुन्हा सांगून. ४१ व्या उत्तराच्या वर एक ओळ राहून गेलेली, "खाली अधिक व्यावसायिक शब्दांत सुधारित उत्तर दिले आहे", इंग्रजीत अर्थातच. ज्युनिअर हसून हसून खाली बसली. म्हणजे आमच्या यंत्राने प्रश्न काढले, त्यांच्या यंत्राने उत्तरं लिहिली, आणि आता आमचं यंत्र ती वाचून सारांश देणार. मी आणि फंडातला तो कोण मुलगा असेल तो, आम्ही दोघं मधले पोस्टमन. राइट्स इश्यूवर उत्तर होतं की जुन्याच भागधारकांपुरता इश्यू असल्याने तो बाजारभाव मानलेला नाही. म्हणणं अगदीच टाकाऊ नाही, पण निदान रिपोर्टात एक ओळ तरी हवी होती.

मग मी ठरवलं की आता फोन. पहिल्या फंडाच्या कंपन्यांच्या संस्थापकांशी बोलायचं. फंडाने तीन नावं दिली, ती तर चांगलंच बोलणार. मी आणखी दोघं स्वतः शोधले. परवानगी घेऊन रेकॉर्ड केले, टूलने लिहून काढले, आणि खरं सांगतो, मराठी-हिंदी-इंग्रजी अशी भेसळ असूनही फार छान लिहून काढले, नावं सोडली तर चुका कमी. खाली प्रत्येक कॉलचा सारांश. पाचही कॉलखाली एकच शेरा, अभिप्राय सकारात्मक.

थोरले साहेब रोज संध्याकाळी साडेपाचला चहाला खाली येतात. ७८ वर्षांचे, कॉम्प्युटरला हात लावत नाहीत, पण कागद वाचतात. त्यांनी सारांश बाजूला ठेवला आणि बोलणंच वाचायला घेतलं. चौथा कॉल एका कोल्हापूरकडच्या संस्थापकाचा होता, मी शोधलेल्यांपैकी. मी विचारलं होतं, फंडवाल्यांचा अनुभव कसा? त्याचं उत्तर, "तसे चांगले आहेत."

साहेबांनी बोट ठेवलं. "तसे म्हणजे?"

मी म्हटलं, म्हणजे चांगले आहेत.

"चांगले असते तर चांगले म्हणाला असता. तसे कशाला म्हणेल? फोन लाव, ते मशीन बंद कर."

आता याला काय म्हणणार. मी स्वतः तो कॉल केलेला, स्वतः ऐकलेला, आणि सारांशात "सकारात्मक" वाचून मीही तो "तसे" गिळून टाकला होता. कोल्हापूर-सांगलीकडचा माणूस आणि मला कळू नये! आमच्याकडे सोयरीक मोडायची तर कोणी मुलगा वाईट आहे म्हणत नाही, तसा चांगला आहे म्हणतात आणि पुढे बोलत नाहीत.

दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंगशिवाय फोन केला. दहा मिनिटं ऊस, पाऊस, हायवेचं काम. मग तो आपणहून म्हणाला की पैशाला वगैरे चांगले आहेत, वेळेवर दिले, पण आमच्याकडे जे पार्टनर बघायचे ते सहा महिने झाले दिसत नाहीत, बोर्ड मीटिंगला दुसरंच कोणी येतं, आणि परवा कुणीतरी म्हणालं की ते स्वतःचं काहीतरी काढतायत. कोण पार्टनर? त्याने नाव सांगितलं. तिघांमधले तिसरे.

मी फोन ठेवला आणि ती लाल फुली आठवली. कोणीही एक, की कोणीही दोन. एक जाणार हे ज्यांना माहीत आहे त्यांनी करारात "दोन" लिहून ठेवलं तर काय होतं, एक गेला तरी काहीच होत नाही. मुद्दाम केलं का ते मला सांगता येणार नाही, वकिलाच्या जुन्या साच्यातूनही आलं असेल. पण मग टूलला एक साधा प्रश्न टाकला, ट्रॅक रेकॉर्डच्या तक्त्यात लीड पार्टनरच्या रकान्यात आद्याक्षरं आहेत, विकलेल्या चार कंपन्या कोणाच्या? चारपैकी तीन तिसऱ्यांच्या. पान ८८, बोट ज्युनिअरने ठेवलं, मग मी पण ठेवलं.

म्हणजे ज्याच्या जिवावर तो गलेलठ्ठ आयआरआर, तोच माणूस बहुतेक नसणार.

व्हिडिओ कॉलवर मी सरळ विचारलं. तिकडे दोघं पार्टनर, दोघं एकमेकांकडे बघतात हे स्क्रीनवर स्पष्ट दिसलं, मग मोठे म्हणाले की ते सध्या दीर्घ रजेवर आहेत, वर्षअखेर निर्णय होईल, आम्ही सांगणारच होतो. असेल. नोंदीसाठी टूलने या कॉलचाही सारांश दिला, "टीमने पारदर्शकपणे माहिती दिली". मी तो तसाच जपून ठेवलाय, वाईट दिवशी वाचायला.

पुढचा महिना वकिलांचा. तो कंटाळवाणा भाग आहे, थोडक्यात सांगतो. आमच्यासारखे अजून दोन-तीन गुंतवणूकदार तेच विचारत होते असं नंतर कळलं. तिसऱ्यांचं नाव की पर्सनच्या यादीतून काढलं आणि तसं पुरवणी पत्र सगळ्यांना गेलं, उरलेल्या दोघांपैकी कोणीही एक गेला तरी नवीन गुंतवणूक थांबणार असा क्लॉज सगळ्यांसाठीच बदलला. बुडीत कंपन्यांची फी करारात पीपीएमप्रमाणे केली. क्लॉबॅक मिळाला नाही. त्याऐवजी आधी सगळ्या गुंतवणूकदारांचं पूर्ण मुद्दल आणि ठरलेला परतावा परत, मगच मॅनेजरचा वाटा, ही रचना करारात आहे हे दाखवलं, ती होती, पान उघडून बघितली, त्यामुळे क्लॉबॅक नसल्याचं फार बिघडत नाही. फंड मॅनेजरचे स्वतःचे पैसे खरे आहेत का तेही तपासलं, नियमाने निधीच्या २.५ टक्के किंवा ५ कोटी, यातलं जे कमी ते त्यांनी टाकायचं असतं, आणि फी सोडून दिली म्हणून ते पैसे टाकले असं धरता येत नाही. पहिल्या फंडात त्यांनी खरंच बँकेतून टाकलेले होते, दाखवले.

वेळ किती वाचला असं धाकटे साहेब विचारतात. खरं तर वाचला नाही, तेवढेच आठवडे गेले. पण आधी ते आठवडे वाचण्यात जायचे आणि फोन शेवटच्या दोन दिवसांत उरकायचो. यावेळी वाचणं आठवड्यात झालं आणि उरलेला वेळ एमसीए, फोन, भांडणं यात गेला. पाठ कमी दुखली हे मात्र खरं.

शेवटी मेमो थोरल्या साहेबांपुढे गेला, ११ पानं. आधीचे ४० पानांचे असायचे. त्यांनी दोन दिवस ठेवला. मग म्हणाले, "पाच नको, दोन टाका." का ते मी विचारलं नाही, धाकट्या साहेबांनी विचारलं, तर म्हणाले, "पोरं खोटं बोलली नाहीत. पण विचारल्याशिवाय बोललीही नाहीत."

परवा पहिली ड्रॉडाउन नोटीस, म्हणजे कबूल केलेल्या पैशांतला हप्ता मागणारं पत्र, आली, १५ टक्के, म्हणजे ३० लाख. ज्युनिअरने टूलमध्ये टाकली, करारातल्या तारखा आणि टक्केवारीशी जुळतेय का ते त्याने बघून सांगितलं, तिमाहीची फी १ लाख आणि जीएसटी १८ हजार, बरोबर. मग तिने करार उघडून पेन्सिलीने खूण केली आणि "बोट कोणी ठेवलं" मध्ये सही केली. साडेपाचला साहेब चहाला आले, नोटीस बघितली, म्हणाले, "काय रे, कसे आहेत ते फंडवाले आता?"

मी म्हटलं, "तसे चांगले आहेत."

त्यांनी कप खाली ठेवला आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.